थोडं मागे सरून बघा

एका जंगलात, मुलांनो, मगर एकच होती आणि कलावंत उदंड झाले होते, तेव्हाची ही गोष्ट. मांडी घालून बसा. पाण्यापासून जरा लांब बसा. का, ते शेवटी कळेल.

त्या उन्हाळ्यात डोंगरापलीकडची तळी आटली. तिकडची जनावरं पाण्यासाठी या जंगलात आली. इथल्या डोहात मगर राहते, हे जुन्या जनावरांना ठाऊक होतं. ती जनावरं वरच्या अंगाच्या खडकावरून पाणी प्यायची. तिथं जागा अडचणीची होती, पण मगरीला चढता येत नसे. नवख्यांना हे कोण सांगणार? ते सरळ खालच्या मऊ काठावर उतरत, आणि त्यांतलं एखादं रोज कमी होई.

ठिपकी हरिणी अशीच पलीकडून आली होती. तिच्या बहिणीला मगरीने तिच्या डोळ्यांदेखत ओढून नेलं. ठिपकीजवळ आता तिचं एकुलतं एक पाडस होतं. ते भारी अवखळ. पाणी दिसलं की धावत सुटायचं. ठिपकीच्या जिवाला घोर लागला.

ती जंगलाच्या मुखियाकडे, गजराबाई हत्तिणीकडे गेली.

"आजी, काठावरच्या जांभळीवर मगरीचं एक चित्र लावा. वाचता आम्हाला कुणालाच येत नाही. पण दात सगळ्यांना कळतात."

गजराबाईंना पटलं. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं चाललं होतं. पण मग त्यांनी विचारलं, "आपल्यात चित्रकार कोण आहे?" आणि तिथंच घात झाला.

चित्रकार होता रंगनाथ वानर. त्याने आजवर एकही चित्र काढलं नव्हतं. त्यामुळे त्याच्या चित्रांना कुणी नावं ठेवली नव्हती. गळ्यात बियांची माळ घालायची आणि बोलता बोलता मध्येच थांबून लांब कुठंतरी बघायचं, एवढ्या भांडवलावर त्याचं नाव झालं होतं.

"रंगूदादा, फार काही नको," ठिपकी म्हणाली. "एक लांब तोंड काढ, त्यात दात काढ. उद्यापर्यंत होईल ना?"

रंगनाथने डोळे मिटले. "ताई, चित्र असं होत नसतं. आधी प्रेरणा लागते."

"मगर डोहातच आहे की. तिला बघ आणि काढ."

"मगरीला बघून मगर काढायची?" रंगनाथला शिसारी आली. "ते तर कुणीही काढील!"

आणि तो प्रेरणा शोधायला निघाला.

आधी तो साळिंदराकडे गेला. साळिंदर आपल्याच अंगावरच्या काट्याने दगडांवर चित्रं कोरायचं. समकालीन चित्रकारांत त्याचा दबदबा होता. रंगनाथ दिवसभर त्याच्यासमोर बसून "वा, वा" म्हणत राहिला. शेवटी साळिंदर वैतागलं.

"नुसता बघतोस काय? हा घे काटा. काढ काहीतरी."

"छे, छे! मी सध्या आत साठवतोय," रंगनाथ म्हणाला.

त्या दिवशी मगरीने एक भेकर खाल्लं.

मग तो गांधीलमाशीकडे गेला. ती लाकूड चघळून चघळून त्याचा हातकागद बनवायची. "काय पोत आहे! यंत्राला हे जमायचं नाही!" असं म्हणत रंगनाथने त्यातला मोठा तुकडा फाडून घेतला.

"अहो, ते घर आहे माझं!" गांधीलमाशी ओरडली आणि गालाला डसली.

रंगनाथ सुजलेला गाल घेऊन जंगलभर हिंडला. अस्सल हस्तकलेच्या सहवासाने आपण आतून हलून गेलो आहोत, असं भेटेल त्याला सांगत राहिला. मगरीने तोवर दोन रानडुकरं खाल्ली.

पुढे त्याने वडाच्या बुंध्यावर एक प्रेरणाभिंत उभारली. तिच्यावर मोराचं पीस होतं, शिंपी पक्ष्याने शिवलेलं पान होतं, गोगलगायीने ओढलेली चंदेरी रेघ होती. प्रत्येक वस्तू दुसऱ्या कुणीतरी केलेली. नाव मात्र रंगनाथचं. ती भिंत बघायला जंगल लोटलं. बघून सगळ्यांनाच प्रेरणा मिळाली. सशांनी बियांच्या माळा ओवायचा वर्ग काढला. माकडिणी एकमेकींना विचारू लागल्या, "मिळाली का गं तुला?" प्रेरणेची नुसती साथ आली. चित्र मात्र अजून कुणीच काढलं नव्हतं.

ठिपकीने वाट पाहिली, पाहिली आणि शेवटी स्वतःच खालच्या काठावर गेली. तिने ओल्या चिखलात खुराने मगर काढली. तोंड वाकडं आलं. दात सगळे एकाच बाजूला गेले. शेपटीला जागाच उरली नाही. पण पाडसाने ते पाहिलं मात्र, आणि ते आईच्या पोटाखाली शिरून थरथरायला लागलं.

ठिपकीला इतका आनंद कधी झाला नव्हता.

मग जो नवखा येई, तो ते दात बघून जागीच थबके आणि खडकाची वाट धरी. मगर उपाशी राहू लागली.

आणि तेवढ्यात रंगनाथचं चित्र पूर्ण झालं!

अनावरणाचा थाट मोठा होता. अध्यक्ष म्हणून कलामर्मज्ञ भालूनाना कोल्हे आले. येताना त्यांचा पाय ठिपकीच्या चिखलातल्या चित्रावर पडणार होता. ते दचकून मागे सरले. मग आपण दचकलो याचा त्यांना राग आला.

"हे कुणी काढलं?"

"मी काढलं, नाना," ठिपकी म्हणाली.

"यातून काय म्हणायचंय तुला?"

"इथं मगर आहे, असं."

"पण ते तर दिसतंच आहे!" भालूनाना म्हणाले. "मग बघणाऱ्याने करायचं काय?"

"पळायचं," ठिपकी म्हणाली.

सगळे हसले. रंगनाथने आपल्या शेपटीने तो चिखल सारवून टाकला. ठिपकी गजराबाईंकडे बघत राहिली. गजराबाई म्हणाल्या, "अगं, आज पाहुणे आहेत." अशा वेळी मोठी माणसं काय कामाची असतात, ते तुम्हाला पुढे कळेलच. ठिपकी पाडसाला घेऊन लांब बाभळीखाली उभी राहिली.

जांभळीच्या बुंध्यावरचं पान बाजूला झालं. मागे गांधीलमाशीच्या घराचा तुकडा होता. त्याच्या कोपऱ्यात हळदीचा एक फिकट ठिपका होता. बाकी काही नव्हतं.

"मगर कुठाय?" एका सशाने विचारलं. त्याला गप्प करण्यात आलं.

"मी मगर दाखवलेली नाही," रंगनाथ लांब बघत म्हणाला. "मी मगरीचं नसणं दाखवलंय."

भालूनानांचे डोळे भरून आले. "केवढी शांतता आहे यात! धोक्याचा लवलेश नाही!"

"जवळून कळणार नाही, नाना. थोडं मागे सरून बघा."

भालूनाना मागे सरले. "आहाहा!"

"अजून थोडं."

जांभळीसमोर काठ होता आणि काठामागे डोह होता. भालूनानांचे मागचे पाय ओले झाले.

"नाना, पाणी!" ठिपकी जीव तोडून ओरडली. "मागं बघा, नाना!"

"शूऽऽ!" सगळे रसिक तिच्यावर खेकसले.

"आता दिसतंय!" भालूनाना म्हणाले. "आता मला सगळं—"

पाणी उसळलं. मग ते निवळलं. काठावर कोणी नव्हतं.

मग एका सशाने टाळी वाजवली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. इतकं जिवंत चित्र जंगलाने पाहिलं नव्हतं. गजराबाईंनी रंगनाथला शाल आणि नारळ दिला. पलीकडच्या पाणवठ्यावरही असंच एक चित्र हवं, असं तिथल्या तिथे ठरलं. रंगनाथ म्हणाला, बघू, प्रेरणा मिळाली तर.

गर्दी पांगली. पाडस तहानेने व्याकूळ झालं होतं.

"आई, खडकाकडे जायचं ना?"

ठिपकीने डोहाकडे पाहिलं. मगर पलीकडच्या वाळूवर पालथी पडली होती. तिचे डोळे मिटले होते.

"आज इथंच पी, बाळा," ठिपकी म्हणाली. "आज तिचं पोट भरलंय."

तात्पर्य : कलेने समाजाचं रक्षण होत नाही, असं म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. होतं. फक्त दर खेपेला एक रसिक लागतो.