कड्याचा दुजोरा

मुलांनो, हातातला मोबाईल पालथा ठेवा. कायमचा नको, गोष्ट संपेपर्यंत. तेवढं जमत असेल तर सांगतो.

जंगल होतं एक. कुठल्या जिल्ह्यात ते विचारू नका, तिथले लोक लगेच आपल्यावरच लिहिलंय म्हणून चिडतात. जंगलातून नदी वाहायची. नदीच्या अलीकडे गोट्यांचा रुंद पट्टा होता आणि पलीकडे एक उभा, काळा कडा.

या जंगलात बातमीची एक रीत होती. संध्याकाळी सगळे उंबराखाली जमायचे आणि आबाजी साळिंदर दिवसभराच्या बातम्या सांगायचे. आबाजी म्हातारे होते, तिरसट होते आणि कुणालाही भीत नव्हते. कुणी काही सांगायला आलं की त्यांचा प्रश्न ठरलेला असे. "तू पाहिलंस? बरं. आणखी कुणी पाहिलं?" दोन तोंडांनी सांगितल्याशिवाय बातमी उंबराखाली येत नसे.

त्यामुळे बातम्या थोड्या असायच्या. कधीकधी नसायच्याच. मग आबाजी म्हणायचे, "आज काही घडलेलं नाही. घरी जा." आणि सगळे घरी जायचे.

मुलांनो, असाही एक काळ होता.

मग प्रभंजन वानराला कड्याचा शोध लागला.

एके सकाळी तो गोट्यांवर उभा राहून सहज ओरडला, "मी हुशार आहे!" पलीकडून कडा म्हणाला, "हुशार आहे... हुशार आहे..." प्रभंजनाला भरून आलं. त्याच्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निम्मं जंगल गोट्यांवर आलं, तिसऱ्या दिवशी उरलेलं. रानडुक्कर ओरडलं, "मी देखणा आहे!" कड्यानं ते मान्य केलं. कोल्हा म्हणाला, "मी प्रामाणिक आहे!" कड्यानं तेही मान्य केलं. उंबराखाली असं कधी झालं नव्हतं. तिथं आबाजी विचारायचे, "आणखी कुणी पाहिलं?"

आबाजी काटे फुलवून गोट्यांवर आले. "अरे, रीत आहे की नाही काही? दोन तोंडं लागतात बातमीला!"

"मग आहेत की, आबाजी," प्रभंजन गोड हसून म्हणाला. "मी बोललो, हे एक तोंड. कडा बोलला, हे दुसरं."

"गाढवा, तो तुझाच आवाज आहे!"

"माझा आवाज माझ्यापाशी आहे. तो पलीकडून आला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. रीत मोडली नव्हती, उलट इतकी झटपट ती कधीच पाळली गेली नव्हती.

प्रभंजनाचा आता जम बसला. तो रोज सकाळी शास्त्र सांगू लागला. कुठलं शास्त्र, हे कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. तो म्हणाला, "उताणं झोपलं की शिंगं वाढतात, शास्त्रानं सिद्ध झालंय!" कडा म्हणाला, "सिद्ध झालंय... झालंय..." आता चितळांची शिंगं दरवर्षी गळतात आणि दरवर्षी नवी येतात. पण त्या वर्षी चितळ पाठदुखी सोसून उताणे झोपले आणि शिंगं आली. मग काय विचारता! काही माद्यासुद्धा उताण्या झोपू लागल्या. त्यांना शिंगं आली नाहीत तेव्हा प्रभंजन म्हणाला, श्रद्धा कमी पडली.

हसू नका. तुमच्या घरच्या ग्रुपवर सकाळी काय काय येतं, ते मला ठाऊक आहे.

आता सगुणा टिटवीचं सांगतो, कारण ही गोष्ट तिची आहे.

सगुणा दरवर्षी त्या गोट्यांमध्येच अंडी घालायची. टिटवीला घरटं लागत नाही. तिची ठिपक्यांची अंडी दगडांत ठेवली की दगडच वाटतात, तेच त्यांचं कुंपण. पण या उन्हाळ्यात गोट्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडे बघावं तिकडे कुणीतरी स्वतःबद्दल ओरडत उभं. मागच्या वर्षीच दोन अंडी गर्दीच्या पायांखाली फुटली होती. या वर्षी तिनं शहाणपणा केला आणि थेट गोट्यांच्या वरच्या पठारावर, उघड्या कातळावर चार अंडी घातली.

प्रभंजनानं ती पाहिली. त्याला जुन्यांचं बोलणं आठवलं, की टिटवीनं उंचावर अंडी घातली म्हणजे पाऊस दांडगा. तो धावत कड्यासमोर आला.

"टिटवी पठारावर चढली! महापूर येणार! शास्त्रानं सिद्ध झालंय!"

"महापूर येणार... येणार... येणार..."

दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त जंगल पठारावर होतं. उंदरांनी बिळं सोडली. सशांनी पिल्लं तोंडात धरून आणली. भुजंगराव गवा तर सहकुटुंब आला. आणि सगळ्यांना उभं राहायला तीच जागा हवी होती, अंड्यांच्या शेजारची. कारण तिथं उभं राहून कड्याकडे तोंड करून ओरडायचं होतं, "मी अंड्यांपाशी आहे!" मग खाली उरलेल्यांना कळायचं, की हा अंड्यांपाशी आहे आणि आपण नाही.

सगुणा किंचाळत सुटली. "अहो, सरका! भुजंगराव, पाय बघा तुमचा! अंडी आहेत ती!"

"अंडी आहेत म्हणूनच तर आलोय, बाई," भुजंगराव म्हणाला आणि आणखी जवळ आला.

मग तिनं टिटवीचं शेवटचं अस्त्र काढलं. वैरी अंड्यांजवळ आला की टिटवी पंख मोडल्याचं सोंग करते, लंगडत, फडफडत दूर जाते आणि वैऱ्याला मागं ओढून नेते. तिची आई हेच करायची, आजीही. सगुणा पंख लोंबवत कातळावर घसपटत निघाली.

टाळ्या पडल्या.

"वा! काय काम करते!" कोल्हा म्हणाला.

"पुन्हा, ताई, पुन्हा! मागच्यांना दिसलं नाही!"

तिनं पुन्हा केलं. काय करणार? गर्दी दुप्पट झाली. तिच्या मागं मात्र कुणी गेलं नाही, जो तो अंड्यांपाशी उभं राहून पाहत होता.

सगुणा उडाली ती थेट उंबराकडे. आबाजी एकटेच बसले होते.

"आबाजी, आजच्या बातम्यांत सांगा. मी वर अंडी घातली ती खाली गर्दी आहे म्हणून. पावसाचं मला काहीएक ठाऊक नाही. गर्दी हटली नाही तर माझं एक अंडं राहायचं नाही."

"आणखी कुणाला ठाऊक आहे हे?"

"आबाजी!"

"रीत आहे, सगुणे. तुझा नवरा?"

"तो कड्यापाशी आहे. अंड्यांचा बाप मीच म्हणून सकाळपासून ओरडतोय. कड्यानं मान्य केलंय म्हणे. मला कुणी विचारलं नाही."

आबाजी उठले. खुरडत खुरडत गोट्यांपर्यंत गेले, गर्दी पाहिली, मागच्या वर्षीची फुटकी टरफलं हुंगून पाहिली आणि परत आले. "बरोबर आहे तुझं. दुसरं तोंड माझं."

संध्याकाळी त्यांनी उंबराखाली बातमी सांगितली. ऐकायला एक घोरपड होती आणि ती झोपली होती.

पण प्रभंजनाच्या कानावर गेलंच. त्याला वाईट वाटलं नाही, आनंद झाला. त्यानं लगेच कड्यासमोर चर्चा ठेवली. विषय होता, टिटवी विरुद्ध शास्त्र.

"या, ताई, या," तो म्हणाला. "अंडी तुम्ही घातलीत, हे आम्ही मान्य करतो. पण ती कशासाठी घातलीत हे सांगायला तुम्ही पक्षितज्ज्ञ आहात का?"

"अरे मेल्या, मी पक्षी आहे!"

"म्हणजे हितसंबंध आले," प्रभंजन गर्दीकडे वळून म्हणाला. गर्दी हळहळली. इतक्या लवकर ती उघडी पडेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

"एक सांगा, ताई," मागून एका सशानं विचारलं, "तुम्ही पाय वर करून झोपता ना? आकाश पडू नये म्हणून?"

"मी उभी झोपते. आणि आकाश पडलंच तर माझ्या या काटक्यांवर थांबणार आहे का?"

"बघा," प्रभंजन म्हणाला, "प्रत्येक गोष्टीला नकार."

आबाजी मध्ये काही बोलू लागले, पण "आबाजी जुने आहेत" असं कुणीतरी म्हणालं आणि कडा ते बराच वेळ म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुजंगरावाचा नातू अंड्यांपाशी उभा राहायचा हट्ट धरून बसला. त्याला जागा द्यायला भुजंगराव एक पाऊल मागे सरला. खूर अंड्याला नुसता घासून गेला. अंडं गरगरत कातळाच्या कडेपर्यंत गेलं आणि एका खळग्यात अडकून थांबलं. लोक म्हणाले, अंडं पश्चिमेला वळलं, म्हणजे पूर तिकडून येणार.

सगुणा या वेळी किंचाळली नाही. तिनं अंडं चोचीनं, छातीनं ढकलत ढकलत परत आणलं. ते शाबूत आहे हे पाहिलं. मग ती उडून कड्यासमोर गेली आणि जन्मात ओरडली नव्हती अशी ओरडली.

"माझ्या अंड्यांकडे बघेल त्याची शेपटी गळेल!"

"शेपटी गळेल... गळेल... गळेल..."

पठारावर प्रत्येकानं हळूच मागं वळून पाहिलं.

आणि मग जी पळापळ झाली म्हणता! सगळ्यांत पुढे प्रभंजन होता, कारण सगळ्यांत लांब शेपटी त्याची. त्या गोंधळात भुजंगरावाचा पाय एका पालीच्या शेपटीवर पडला. पालीनं, पाली करतात तसं, शेपटी तिथंच सोडली आणि ती निघून गेली. शेपटी कातळावर एकटीच वळवळत राहिली. ज्यांना अजून शंका होती, त्यांची तिथं फिटली.

संध्याकाळी प्रभंजन कड्यासमोर धापा टाकत सांगत होता, "अंड्यांतून किरण निघतात! शास्त्रानं सिद्ध झालंय!"

पठार रिकामं झालं. सगुणा अंड्यांवर बसली आणि कितीतरी दिवसांनी तिनं पंख मिटले. तेवढ्यात आबाजी काटे खडखडवत वर आले.

"सगुणे, तू खोटं बोललीस!"

"हो."

"धडधडीत!"

"हो, आबाजी. खरं बोलून पाहिलं होतं. तुम्ही होता की तिथं."

"मला याचा खुलासा करावा लागेल."

"करा ना. शेपटी गळत नाही म्हणून सांगा. तुमचं कुणी ऐकायचं नाही म्हणतात, पण एखाद्या वेळेस ऐकतील. मग भुजंगराव नातवाला घेऊन परत येईल."

हयातभर आबाजींनी एकही बातमी दाबली नव्हती. वाघानं डोळे वटारले तरी दाबली नव्हती. आणि ही तर बातमीसुद्धा नव्हती, नुसती चूक दुरुस्त करायची होती.

"पिल्लं कधी बाहेर येतील?" त्यांनी विचारलं.

"पौर्णिमेच्या आसपास."

"हं," आबाजी म्हणाले. "न तपासता खुलासा कसा करायचा? शेपटी खरंच गळत नाही, हे आधी पाहायला हवं. अंड्यांकडे बघून बघून पाहायला हवं. त्याला पौर्णिमेपर्यंत वेळ लागेलच."

आणि ते अंड्यांकडे तोंड करून बसले. काटे मात्र बाहेरच्या बाजूला फुलवलेले होते, त्यामुळे एक कोल्हा चुकून आला तो नाक चोळत परत गेला. मुलांनो, त्या जंगलात खऱ्या अर्थानं प्रयोग म्हणावा असं एवढंच झालं.

पौर्णिमेच्या सकाळी चारही अंडी फुटली. टिटवीची पिल्लं अंड्यातून निघताच पळू लागतात. दुपारपर्यंत सगुणा त्यांना घेऊन पलीकडच्या गवतात दिसेनाशी झाली. जाताना ती "येते, आबाजी" म्हणाली. आभार मानले नाहीत. टिटवीला ते जमत नाही.

आबाजी तडक गोट्यांवर गेले. नुकताच पाऊस पडून गेला होता, दरवर्षीइतकाच, आणि प्रभंजन आपलं म्हणणं खरं ठरल्याचं सांगत होता. आबाजींनी गर्दीला ढोसत वाट काढली आणि ते दगडावर चढले.

"ऐका! शाप दिल्यापासून अंडी फुटेपर्यंतचं सगळं मी पाहिलंय. रोज, समोर बसून, टक लावून! किरण नाहीत, शाप नाही, काही नाही! ही बघा शेपटी!"

असं म्हणून त्यांनी गर्दीकडे पाठ केली.

मुलांनो, साळिंदराची शेपटी तुम्ही कधी पाहिली आहे का? असते ती, पण अगदी बोटभर. काटे फुलवले की तेवढीही दिसत नाही.

सगळ्यांनी वाकून वाकून पाहिलं. मग भुजंगराव गहिवरून म्हणाला, "अरेरे! आबाजी, पूर्वी केवढी होती हो?"

"प्रत्यक्ष पुरावा!" प्रभंजन ओरडला.

"पुरावा..." कडा म्हणाला. "पुरावा... पुरावा..."

तात्पर्य : मुलांनो, कधीही खोटं बोलू नये. अगदीच वेळ आली, तर शेपटीबद्दल बोलावं. सत्याशी सगळ्यांचाच संबंध येतो असं नाही. शेपटी मात्र ज्याची त्याला असते. आणि खरं बोलायची खोड असेलच, तर आधी आपली शेपटी किती लांब आहे ते पाहून घ्यावं.