सिरिलचं रीळ

"हे सगळे गिटारवाले एक दिवस मरणार. पण माझ्या कपाटात कुणी मरणार नाही!"

असं मनोहर खासनीस छातीठोकपणे सांगत. कुणालाही सांगत. बँकेतल्या शिपायाला सांगत, बालीगंज स्टेशनवर शेजारी उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसाला सांगत, दत्तजयंतीच्या प्रसादाला आलेल्या बायकांनासुद्धा सांगत! बँकेने बदली करून कलकत्त्याला धाडलेला हा साताऱ्याचा माणूस. दुसरा कुणी असता तर परत बदली मिळावी म्हणून अर्ज खरडत बसला असता. मनोहररावांच्या कानावर मात्र एका संध्याकाळी पार्क स्ट्रीटवर गिटार पडली आणि कारभार आटोपला!

खिदिरपूरच्या गोदीत जाऊन त्यांनी एका खलाशाकडून टेपरेकॉर्डर पैदा केला. हा एवढा धोंडा! अमेरिकेतले नि विलायतेतले नामांकित रॉकवाले, ब्लूजवाले रेडिओवर मुलाखती देत, त्या मनोहरराव खरखरीसकट उतरवून घेत. आणि शहरातल्या गिटारवाल्यांना तर थेट घरीच आणून बसवत.

"इतिहास आहे हा, वृंदा! इतिहास!"

"असेल हो. पण इतिहासाने माझं लोणच्यांचं कपाट बळकावलंय, त्याचं काय?" वृंदाताई म्हणत.

ह्या संग्रहातलं सगळ्यात मोलाचं रीळ म्हणजे सिरिल रोझारिओची मुलाखत. एके काळी सिरिलची गिटार ऐकायला हॉटेलाच्या दाराबाहेर गाड्यांची रांग लागे. लोक डोळे पुसत बाहेर पडत. मग हॉटेलवाल्याने बँड बंद केला. तेवढ्यात सिरिलच्या छातीनेही दगा दिला. रेकॉर्ड काढू, रेकॉर्ड काढू म्हणत सगळ्यांनी त्याला वर्षानुवर्षं झुलवलं होतं. काढली कुणीच नाही. मनोहररावांनी बोलावल्यावर तो बिचारा तीन जिने चढून आला, दारातल्या खुर्चीत बसून बराच वेळ धापा टाकत राहिला, आणि तशात तासभर मुलाखत दिली. दोन महिन्यांनी वारला.

दफनाला फारसं कुणी नव्हतं. ज्यांनी त्याच्या गिटारीवर रात्री जागवल्या त्यांतला एकही फिरकला नाही. खड्ड्याशी त्याची बायको आयरीन उभी होती. वाळकी, ताठ, जुन्या काळ्या झग्यातली बाई.

"माझ्याकडे सगळं आहे, मिस्टर खासनीस," ती म्हणाली. "फोटो आहेत. गिटार आहे. कोट खुंटीवर आहे. त्याचा आवाज तेवढा कुठेच नाही. दोन दिवसांत मी तो विसरायला लागले. असं कसं होतं हो?"

दुसरा माणूस असता तर गप्प राहिला असता. अजून माती लोटायची होती! पण मनोहररावांना राहवलं तर ना!

"मॅडम, आवाज माझ्याकडे आहे! अख्खा एक तास!"

आयरीनने त्यांचे दोन्ही हात धरले. महिन्याची प्रार्थना झाली की सगळ्यांनी तिच्या घरी जमायचं आणि सिरिलला ऐकायचं, असं तिथेच ठरलं. मनोहरराव घरी आले ते छाती दोन बोटं फुगवूनच.

तो दिवस उजाडला. टॅक्सीत टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन खासनीस पतिपत्नी आयरीनच्या घरी पोचली. सिरिलच्या फोटोपुढे मेणबत्त्या होत्या. फादर, चर्चमधली म्हातारी मंडळी, जुन्या बँडमधला ढोलवाला, शेजारणी, सगळे काळ्या कपड्यांत दाटीवाटीने बसले होते. मनोहररावांनी "सिरिल रोझारिओ" असं लिहिलेली डबी उघडली, रीळ चढवलं, फोटोखाली यंत्र ठेवलं, खटका दाबला आणि ऐटीत मागे येऊन आयरीनशेजारी बसले. तिने त्यांचा हात घट्ट धरला.

खर्रर्र झालं. आणि फोटोतून जणू सिरिलच बोलतोय अशा थाटात आवाज आला:

"हं, आई, नमस्कार. मी वृंदा बोलतेय. इकडे सगळं ठीक आहे, फक्त ह्यांचं पोट काही केल्या साफ होत नाही..."

मनोहरराव उठायला गेले, पण आयरीनने हात सोडला नाही. मराठी एकालाही कळत नव्हतं; सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. फादरांनी डोळे मिटले होते.

"...एरंडेल दिलं. ईसबगोल दिला. शेवटी म्हटलं, अहो, त्या कपाटाचा नाद सोडा, सगळं आपोआप मोकळं होईल..."

ढोलवाल्या म्हाताऱ्याला हुंदका आवरेना. एका शेजारणीने छातीवर क्रूस काढला. समोर बसलेल्या वृंदाताई मेणबत्तीसारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. पुढे कोकमं मिळत नाहीत हे झालं, मोलकरणीचं दुखणं झालं, आणि गाडी पुन्हा मनोहररावांच्या पोटाकडे वळणार तोच फटकन वीज गेली! लोडशेडिंग! एरवी ह्या लोडशेडिंगला शिव्यांची लाखोली वाहणाऱ्या मनोहररावांनी त्या दिवशी मनोमन त्याला साष्टांग नमस्कार घातला.

अंधारात कुणीतरी "आमेन" म्हणालं.

"ही तुमच्याकडची प्रार्थना असेल, नाही?" आयरीनने हळूच विचारलं.

"हो," मनोहरराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

"किती मनापासून म्हटलीय. मुलाखत त्यानंतर असेल. मी थांबेन, मिस्टर खासनीस. तुम्हाला जमेल तेव्हा या. गर्दी नको आता. मी एकटीच ऐकेन."

परतताना यंत्र पायाशी घेऊन ट्राममध्ये बसल्याबसल्या मनोहररावांच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"कुठाय सिरिल? सांग, कुठाय?"

"साताऱ्याला," वृंदाताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

कलकत्त्यातल्या बदलीवाल्या मराठी मंडळींचा शिरस्ताच होता. कुणी रजेवर देशी निघालं की त्याच्या गळ्यात घरोघरच्या पिशव्या पडत. कुणाचं साडीचं पार्सल, कुणाची मिठाई, आणि ज्यांच्याकडे यंत्र होतं त्यांचं बोलकं रीळ. गावाकडच्यांनी ते ऐकायचं, त्याच्यावरच आपलं उत्तर भरायचं आणि परत पाठवायचं. फोर्ट विल्यममधले मेजर दिगंबर सरपोतदार साताऱ्याला निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर वृंदाताईंनी सासऱ्यांसाठी रीळ दिलं होतं.

"मामंजी अंथरुणाला खिळलेत. मन्याचा आवाज ऐकायचाय म्हणून चारदा निरोप आला. तुम्हाला म्हटलं, दोन शब्द बोला. आज नाही, उद्या. उद्या नाही, परवा. मग काय करू? तुमचा आवाज ज्यात होता ते रीळ काढलं आणि पाठवलं. माझ्या आईसाठी भरलेलं रीळ तिच्या गावी न्यायला कुणी भेटत नव्हतं, ते त्या रिकाम्या डबीत ठेवलं."

"अगं पण त्यात सिरिल होता!"

"मी थोडं ऐकलं की. तुम्हीच होतात."

"ती प्रस्तावना होती!"

ट्राममधली माणसं वळून बघायला लागली. पण मनोहररावांना कशाची शुद्ध होती! त्यांच्या डोळ्यांपुढे साताऱ्याचं घर होतं आणि सिरिलच्या आवाजावर उत्तर भरणारी त्यांची बहीण सरोज होती. सिरिल दुसऱ्यांदा मरणार होता, आणि तोही सरोज सांगेल त्या हळदीच्या भावाखाली! ते मधल्याच थांब्यावर उतरले आणि तारऑफिसात धावले. "रीळ पुसू नका. मेजरबरोबर परत पाठवा."

आता तार म्हटल्यावर त्या काळी काय व्हायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. साताऱ्यात तारवाल्याची सायकल दारात थांबली मात्र, सरोजने तार न फोडताच हंबरडा फोडला. शेजारपाजारचे धावले. "अरेरे, तरणाताठा गेला!" म्हणत एकाने खांद्यावर पंचासुद्धा टाकला. शेवटी आतून, अंथरुणावरून, मनोहररावांच्या वडिलांचा, भालचंद्रपंतांचा, क्षीण आवाज आला, "अरे, आधी वाचा तरी मेल्यांनो!"

हे सगळं मेजरसाहेबांनी आल्यावर स्वतः सांगितलं. ते रीळ घेऊन बालीगंजला खासनिसांच्या घरी आले होते.

"पुसलं तर नाही ना?" मनोहररावांनी दारातच विचारलं. बाप कसा आहे हे विचारायचं राहूनच गेलं.

"छे! पंतांनी कुणाला हात लावू दिला नाही. सरोजताई उत्तर भरायला बसल्या तर म्हणाले, खबरदार, माझा मन्या पुसला जाईल. रोज संध्याकाळी माझ्याकडून यंत्र मागवायचे आणि उशाशी लावून पडायचे. इंग्रजी एक अक्षर कळत नाही, पण ऐकायचे. देताना जिवावर आलं हो त्यांच्या."

वृंदाताईंनी पदर डोळ्यांना लावला.

"हां, आणि एक निरोप दिलाय," मेजर उठता उठता म्हणाले. "तुझ्याजवळ बसून मधे मधे खोकतो तो माणूस कोण म्हणाले. खोकला चांगला नाही. त्याला अडुळसा द्यायला सांग म्हणाले."

"बाबांचं आपलं काहीतरीच!" मनोहरराव हसले. रीळ लावून बघायला घरात वीज नव्हती, आणि त्यांना गरजही वाटली नाही. मुलाखत त्यांनी स्वतः घेतली होती!

यंत्र नि रीळ घेऊन खासनीस पतिपत्नी पोचली तेव्हा आयरीन एकटीच होती. तिने केस नीट विंचरले होते, कानांत मोती घातले होते. सिरिलची खुर्ची तिने यंत्रासमोर ओढली आणि स्वतः बाजूच्या स्टुलावर बसली. मनोहररावांनी खटका दाबला.

"नमस्कार! मी मनोहर खासनीस! आज आपल्यासमोर आहेत थोर गिटारवादक सिरिल रोझारिओ. पण त्यांच्याकडे वळण्याआधी ब्लूज म्हणजे काय, हे मी थोडक्यात सांगतो."

मग मनोहरराव सांगत होते. सांगतच होते. कापसाच्या शेतांपासून सुरुवात झाली, नदीवरून, आगगाडीवरून, शिकागोपर्यंत गाडी पोचली.

"आता येईल," मनोहरराव पुटपुटले.

"बरोबर ना, मिस्टर रोझारिओ?" यंत्रातल्या मनोहररावांनी विचारलं.

खोकला.

"अगदी बरोबर! तर मला असं वाटतं..."

आयरीन पुढे वाकली. दर थोड्या वेळाने तेच. लांबलचक प्रश्न, मग खोकला, एखादं "हं", एखादं "येस", की पुन्हा मनोहरराव. गिटार कशी धरावी, हे मनोहररावांनी सिरिल रोझारिओला समजावून सांगितलं! खोलीतल्या मनोहररावांना कानांवर हात ठेवावेसे वाटत होते. यंत्र बंद करायला ते उठलेसुद्धा, पण आयरीनने हात वर करून थांबवलं.

"असाच खोकायचा," ती म्हणाली. "आधी एक बारीक, मग दोन मोठे."

रीळ संपत आलं होतं. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि घोगऱ्या, थकलेल्या आवाजात सिरिल बोलला. अख्ख्या तासातलं ते एकच पूर्ण वाक्य!

"मिस्टर खासनीस, मी आता निघू का? आयरीन जेवायची थांबली असेल."

"जाल हो! बसा! फक्त एकच शेवटचा प्रश्न!"

तो शेवटचा प्रश्न संपला नाही. त्याच्या आधी रीळ संपलं. सुटलेलं टोक फट फट फिरत राहिलं, ते वृंदाताईंनी उठून थांबवलं.

"त्या दिवशी मी खरंच थांबले होते," आयरीन म्हणाली. तिचे गाल ओले झाले होते. "मासे केले होते. गार झाले म्हणून त्याच्यावर चिडले. पुन्हा एकदा लावता? सगळं नको. ते जेवायचं म्हणाला ना, तेवढंच."

मनोहररावांनी मान खाली घालून रीळ मागे फिरवलं. थोडं फिरवून लावलं, तर मनोहरराव. आणखी थोडं फिरवून लावलं, तरी मनोहररावच. पुढे गेले, मागे आले, घाम फुटला, पण जिथे म्हणून खटका दाबावा तिथे मनोहरराव बोलत होते.