आडातलं इंग्रजी

"आठवड्याभरात आत्याबाईंना इंग्रजी बोलायला लावते की नाही बघा!" रूपालीनं नवऱ्याला असं ठणकावलं, की मांडीवरची तेजस्वी दूध प्यायचं सोडून आईकडं टकामका बघायला लागली.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा घरचा रिवाज. पण रूपालीची पोटुशी नणंद आदिती कॅनडात, तिला येता येईना. मग माहेरानंच विमानात बसायचं ठरलं. म्हणजे तिच्या आईनं, रूपालीच्या सासूबाईंनी, प्रभावतीबाईंनी. एकटीनं! वाटेत विमान बदलून! गडमुडशिंगीहून कोल्हापूरला जाताना वडापची जीप चुकली तरी कावऱ्याबावऱ्या होणारी ती बाई!

रूपालीची युक्ती साधी होती. शब्दाला चित्र जोडायचं, चित्राला चाल लावायची.

"चित्र जेवढं भयंकर, तेवढा शब्द घट्ट बसतो बघा. हेल्प म्हणजे मदत. डोळे मिटा. मामंजी आडात पडलेत. तुम्ही काठावर. काय ओरडाल?"

"अगं बया! ह्यास्नी कशाला पाडतीस?"

"मग दुसऱ्या कुणाला पाडू?"

प्रभावतीबाईंनी क्षणभर विचार केला. "ऱ्हाऊ दे. ह्यास्नीच पाड."

चाल घेतली तेजस्वीच्या अंगाईची. रूपालीच्या गळ्यात ती सायीसारखी मऊ. पण सासूबाईंच्या गळ्यात शिरली, की मयताच्या दारात कुणी गळा काढल्यागत वाटायचं!

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक झोळीत निजली, म्हणून रूपालीही जरा कलंडली. मागं परड्यात प्रभावतीबाई आडाच्या कट्ट्यावर बसल्या आणि डोळे मिटून, झुलत झुलत सराव करू लागल्या.

"मालक पडलं गंऽऽ आडात... हेल्प गंऽऽ हेल्प..."

चित्र इतकं मनावर घेतलेलं, की गालांवरून धारा लागलेल्या!

शेजारच्या अंबूबाईंनी भिंतीवरून डोकावलं आणि गल्लीभर बोंब ठोकली, "धावा रं! महावीर अण्णा आडात पडलं!"

रूपाली धडपडत बाहेर आली, तर परड्यात निम्मं गाव! दोर, शिडी, बांबू! एकानं तर दुधाची रिकामी किटली आणलेली. कशाला, ते त्यालाच ठाऊक!

"अहो, थांबा! आत्याबाई अभ्यास करतायत, अभ्यास!"

"सासऱ्याचा धसका घेतलाय गं लेकरानं," म्हणत अंबूबाईंनी तिला पोटाशी धरलं. तिचं तोंड त्यांच्या पदरात दबलं, ते दबलंच! तेवढ्यात गर्दीतल्या आकाराम पैलवानानं शड्डू ठोकला आणि...

धप्प!

रूपालीनं पदरातून तोंड सोडवलं. आणि तेव्हाच गर्दी सारत, धापा टाकत, खांद्यावर दोर घेऊन खुद्द महावीर अण्णा आले.

"सरका, सरका! कोन पडलंय?"

"तुमीच की!" अंबूबाई म्हणाल्या, आणि मटकन खाली बसल्या.

आडात पाणी कमरेएवढंच. आतून आवाज घुमला, "अण्णा घावंनात! पर आता मला वर काढा की!"

आकाराम वर आला तो चिखलानं माखलेल्या म्हशीसारखा. महावीर अण्णा बायकोवर कडाडले, "जित्या मानसाला आडात ढकललंस व्हय गं?"

"पोरीसाठनं कॅनडाला जायाचं हाय मला," प्रभावतीबाई डोळे पुसत म्हणाल्या. "तेवढ्यापुरतं पडा की जरा!"

एवढा गोंधळ झाला, पण झोळीतली तेजस्वी काही हलली नाही.

सकाळी रूपालीनं धीर करून उजळणी घेतली. "आत्याबाई, परदेशात एकट्या अडकलात. मदत पाहिजे. डोळे मिटा. आडाचं चित्र समोर आणा. आणलंत? मग काय ओरडाल?"

प्रभावतीबाईंनी डोळे घट्ट मिटले. चेहऱ्यावर चित्र लख्ख उमटलं. छाती भरून श्वास घेतला, आणि आरोळी ठोकली,

"आकारामऽऽऽ!"