पन्हाळ्याला नेलेली किटली

चाळीस वर्षांत जो माणूस मला विचारल्याशिवाय दाढी करत न्हाय, त्यानं मला न विचारता पन्हाळ्याच्या शिबिरात अख्ख्या घराचं नाव घातलं! कोण? आमचे मालक. सगळी मंगळवार पेठ त्यांना आण्णा म्हणते. आणि शिबीर कसलं? तर ज्यांना खाल्लेलं सोसत न्हाय, त्यांनी घरच्यांना घेऊन यायचं आणि काय खावं ते शिकायचं!

"आमच्यात कुणाला सोसत न्हाय?" मी विचारलं.

"सूनबाईला," मालक मफलर गुंडाळत म्हणाले. "चपाती खाल्ली की पोट फुगतंय संयोगिताचं."

"मग भाकरी सोडून चपाती खायला सांगितलंय कुणी?"

आता आमच्या घराचं सांगते. दारात दोन म्हशी. सकाळी धार काढली की फेसासकट पितळी पेलाभर दूध मालकांच्या हातात. ते पेला घेऊन तालमीच्या कट्ट्यावर जाणार आणि रिकामा आणून देणार. चाळीस वर्षं, एक दिवस खाडा न्हाय! आमच्या घरात दगड उकडून घातला तरी पचतोय. म्हटलं चला, पचवणारं पोट कसं असतंय ते दाखवू त्या शिबिराला! पहाटे धार काढली, किटली पिशवीत ठेवली आणि वर टॉवेल झाकला.

शिबिराच्या दारातच शिबीर घेणाऱ्या दीपा मॅडमनी प्रत्येकाच्या गळ्यात पाटी अडकवली. ज्याला जे सोसत न्हाय ते तिच्यावर लिहायचं. गहू, वांगं, हरभरा, मैदा... वाण्याची यादीच फिरत होती नुसती! मी माझ्या पाटीवर लिहिलं, 'सगळं पचतं.'

"आजी, असं लिहायचं नसतं."

"मग खोटं लिहू व्हय?"

मालकांची पाटी मफलरखाली गेली होती. मी लक्ष दिलं न्हाय. तिथंच चुकलं.

चहा आला तो बदामाच्या दुधाचा! "बदामाची धार कोण काढतं, मॅडम?" मी विचारलं. शेजारचं पावणं हसलं. मॅडम काय हसल्या न्हाईत.

मी मालकांना हॉलच्या मागं नेलं आणि किटली उघडली.

"आज राहू दे गं."

"का? दोन घोट बदाम प्यायलासा म्हणून म्हैस बाद? प्या गुमान!"

मालकांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. कुणाला शोधत होते देव जाणे! मग एरंडेल घेतल्यागत डोळे मिटून प्याले.

अर्ध्या तासानं प्राणायाम सुरू झाला. सगळी माणसं गप, आणि मालकांच्या पोटात कुस्ती लागल्यासारखी हलगी! उठले ते पळाले. आले, परत पळाले. चौथ्या वेळी तर बायकांच्या संडासात शिरले! आतली बाई किंचाळली ती खाली गडाच्या पायथ्याला वाघबीळात ऐकू गेली असेल.

मी तडक स्वयंपाकघरात. "काय घातलंसा माझ्या नवऱ्याला?"

"आजी, नुसता चहा दिला की!" आचारी बिचारा झारा घेऊन मागं सरकला.

"तोच! बदामानं मारला तुमच्या माझा धडधाकट गडी!"

झालं! चाळीस माणसांनी वाट्या खाली ठेवल्या. एक काका पोट धरून बसले, त्यांनी अजून चहासुद्धा घेतला नव्हता! जेवण थांबलं, कुणी दवाखान्याला गाडी काढायला धावलं. मॅडम घामाघूम.

"आजी, यांनी दुसरं काही घेतलं होतं का?"

"पेलाभर दूध तेवढं. घरचं! म्हणून तर अजून उभं हायत!"

मॅडमनी मफलरखालची पाटी बाहेर ओढली. एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'दूध.'

"आत्या," सूनबाई संयोगिता हळूच मला म्हणाली, "नाव आण्णांसाठीच घातलंतं. माझं पोट आपलं निमित्ताला."

"मग चाळीस वर्षं तो पेला रिकामा कोण करत हुतं?"

मालक पाटीकडं बघत म्हणाले, "हंबीरराव."

तालमीतला हंबीरराव! सत्तरीत पन्नास जोर मारतोय! रस्त्यात दिसला की वाकून म्हणायचा, "वैनी, तुमच्या म्हशीस्नी दृष्ट लागू नये!" आणि मी येडी त्याच्याकडं बोट करून मालकांना सुनवायची, "बघा त्याची छाती! त्याच्या दारात तर म्हैस बी न्हाय!"

आचाऱ्याची मी माफी मागितली. हळू मागितली, पण मागितली. मॅडम म्हणाल्या, थोडं ताक देऊन बघा. घरी परतताना गाडीत मालक लिंबू-पाण्याची बाटली धरून कोपऱ्यात बसले होते. मला राहवेना.

"एकदा तोंड उघडून 'सोसत न्हाय' म्हणायला काय झालतं?"

"म्हणालतो की. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. तू म्हणालीस, म्हशीचं दूध न सोसणारा नवरा माझ्या बापानं बघितलेलाच न्हाय."

म्हणाले असेन. बोलते मी कधीकधी.

"मग दुसऱ्यांदा म्हणायचं हुतं!" मी सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं. "एकदा पाठ मातीला लागली म्हणून पैलवान आखाडा सोडतोय व्हय?"