'बदल जतन करु इच्छीता काय?'

वेलांटीसाहेबांनी सकाळच्या चहालाच जाहीर करून टाकलं, "आज पाच वाजता वाचनालयात त्या कंपनीची अशी बिनपाण्यानं हजामत करतो, की साडू तोंड लपवत घरी जातील!"

पंचवीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून, लोकांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढून काढून साहेबांना हे नाव पडलं होतं. कंपनी म्हणजे ती, निम्म्या जगाचे संगणक जिच्या सॉफ्टवेअरवर चालतात ती. साडू म्हणजे मेहुणीचे यजमान, त्याच कंपनीचे शहरातले प्रतिनिधी. वादविवाद स्पर्धेचा विषय होता, 'कंपनीवरची टीका रास्त आहे का?' आहे म्हणायला साहेब, नाही म्हणायला साडू. सासुरवाडीतला आजवरचा एकूण एक वाद साडूंनी जिंकला होता. निदान एकदा तरी बायकोसमोर त्यांच्यावर मात करायची, या ईर्ष्येनं साहेबांनी तीन महिने खपून तेवीस पानी भाषण रचलं होतं. अर्थात कंपनीच्याच सॉफ्टवेअरमध्ये. घरात दुसरं होतं कुठे? शिवाय एकदा बंद केलेला संगणक चालू व्हायला अर्धा तास घेतो, म्हणून तीन महिने तो बंदही केला नव्हता, की भाषण एकदाही जतन केलं नव्हतं.

दुपारी शेवटचा पूर्णविराम दिला. जेवून उठल्यावर छापू, असं म्हणत साहेब भाषण मिटवायला गेले, तर पडद्यावर चौकट उगवली : 'आपण बदल जतन करु इच्छीता काय?'

"शी! 'करु'तला रु ऱ्हस्व! 'इच्छीता'तली छी दीर्घ! एका वाक्यात दोन खून! असल्या मराठीला मी 'होय' म्हणू?"

आणि साहेबांनी मोठ्या बाणेदारपणे 'नाही' दाबलं.

पाच मिनिटांनी बायको जेवायला बोलवायला आली, तर साहेब कोऱ्या पडद्यासमोर पुतळा होऊन बसलेले.

"अहो, काय झालं?"

"भाषण गेलं."

"कुठे?"

"मी नाही म्हटलं. गेलं!"

बायकोनं सरळ बहिणीच्या घरी फोन लावला आणि साहेबांच्या हातात दिला. पलीकडे साडू! साहेबांना धरणीमाता पोटात घेईल तर बरं असं झालं. पण पाच वाजायला अडीच तास होते.

"घाबरू नका हो," साडू म्हणाले. "इथून बघतो. पासवर्ड सांगा."

साहेबांनी घसा खाकरला. "कंपनीचोर."

"जोडून?"

"जोडून."

थोडा वेळ नुसती खटखट ऐकू आली. "हं, सापडलं! कंपनी दर दहा मिनिटांनी एक प्रत स्वतःकडे ठेवते."

"न विचारता?"

"न विचारता."

"हाच तर माझा पहिला आरोप आहे!"

"हो, तोच वाचतोय. जोरदार लिहिलाय! मग काय, पाठवू परत, की तत्त्व म्हणून राहू दे?"

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं छताकडे पाहिलं.

"पाठवा," साहेब पुटपुटले.

पाच वाजता पहिल्या आरोपालाच टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांचे कान मात्र लाल झाले. आता साडू उठतील, दुपारची हकीकत सांगतील आणि बायकोदेखत आपलं हसं होईल! साडू उठले. "आरोप खरे आहेत," ते म्हणाले. "पहिला तर मी आजच तपासून पाहिला." आणि चक्क खाली बसले! परीक्षकांनी साहेबांना विजयी ठरवलं.

सासुरवाडीवरचा पहिला विजय! साहेब छाती काढून जिना उतरू लागले. खाली साडू उभे होते. त्यांनी साहेबांना बाजूला घेतलं.

"भाषण छानच झालं. फक्त अकराव्या पानावर तुम्ही 'आशीर्वाद'मधली शी ऱ्हस्व लिहिली होती. आमच्या सॉफ्टवेअरनं खाली लाल रेघ मारली असती, पण ती सोय तुम्ही बंद करून ठेवलेली. म्हटलं, चारचौघांत सांगायला नको. दुरुस्त करून पाठवलं."

साहेबांनी तिथल्या तिथे अकरावं पान काढलं. 'आशीर्वाद' अगदी बरोबर होता. शुद्ध शब्द बघून रडू यायची साहेबांची ही पहिलीच वेळ!