परम्युटेशनची सोंगणी

रविवारी सकाळी ओवी खर्चे पोह्यांच्या ताटलीत डोकं ठेवून झोपली, आणि तिच्या केसांतले शेंगदाणे वेचता वेचता तिच्या वडिलांनी, उद्धवरावांनी, निकाल देऊन टाकला.

"बस झालं. गणित सोडाचं."

ओवी खडबडून जागी झाली. गालाला कढीपत्ता चिकटलेला, हातात पेन तसंच. "काऊन सोडाचं?"

"काऊन म्हंजे? आरशात पाह्य एकदा. पोट्टी हायेस का भूत हायेस, समजून नाई राह्यलं."

उद्धवरावांचं अगदीच चूक होतं असं नाही. ओवी अकरावी सायन्सला होती. मोताळ्याच्या कॉलेजात सर सकाळी एक धडा शिकवत, दुपारी क्लासचे सर दुसराच धडा शिकवत, आणि या पोरांना आपल्याशिवाय दुसरं कोणी गृहपाठ देतच नाही अशी दोघांचीही प्रामाणिक समजूत होती. उरलेला दिवस गावाकडे, धामणगाव बढ्याला, येणाऱ्या एसटीत जाई. पण ओवीला गणित मनापासून आवडायचं. अवघड गणिताचं उत्तर जुळलं की ती धावत स्वयंपाकघरात जाऊन आईला उगाचच मिठी मारी. पूनमताईंवर कणकेच्या हातांनी मिठी सोसायची वेळ आठवड्यातून दोनदा तरी येई.

उद्धवराव मात्र ओझं दिसलं की खाली ठेवणारे. तालुक्याच्या कचेरीत कारकुनाची नोकरी लागली त्याच महिन्यात त्यांनी आपल्या वाटणीचं वावर, म्हणजे शेत, ठोक्यानं देऊन टाकलं होतं आणि तेव्हापासून विळ्याला हात लावला नव्हता. त्या वेळी त्यांचे वडील किसनराव एवढंच म्हणाले होते, "ज्याचा घाम पडला नाई, त्याले वावर सोडाले काय जाते?" उद्धवरावांनी ते मनावर घेतलं नाही. कचेरीत पंखा होता.

"दिवाळीनंतर चाचणी हाय," ओवी म्हणाली. "ज्याले गणित सोडाचं त्यानं तिच्यानंतर सांगा म्हन्ते सर. तवापर्यंत त थांबा, पप्पा."

"थांबतो. पेपर चांगला गेला त ठीक. नाई त भूगोल."

ओवीचे डोळे भरून आले. तेवढ्यात ओसरीवरून किसनराव आत आले. त्यांनी नातीला विचारलं, ते एखाद्या वावराबद्दल विचारावं तसं.

"काम किती हाय?"

"लय हाय, आबाजी. तीन धडे. एकेका धड्यात हरभरा पेरल्यासारखे गणितं."

"आन मानसं किती?"

"मी एकटी."

"एकटीनं कोनी वावर काढते काय, बाप्पा? सावड कर."

सावड म्हणजे तू माझ्या वावरात राब, मी तुझ्या वावरात राबतो. मजुरी नाही, फक्त फेड. ओवीला कल्पना एकदम पटली. तिच्या वर्गातला ऋत्विक आणि गावात पूजा सांगणाऱ्या देवेश गुरुजींची मुलगी स्वरदा यांचेही हेच हाल चालले होते. ठरलं असं: परम्युटेशन ऋत्विकनं आठवडाभर घासूनपुसून करायचं, डिटरमिनंट स्वरदानं, त्रिकोणमिती ओवीनं, आणि रविवारी खर्च्यांच्या ओसरीवर ज्यानं त्यानं आपला धडा बाकीच्यांना शिकवायचा. सावडीच्या रिवाजाप्रमाणे जेवण यजमानाचं, म्हणजे पूनमताईंचं.

किसनरावांना गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पात म्हणजे काय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. निंदणाऱ्या बाईनं धरलेली पात, म्हणजे तिच्या वाट्याची ओळ, संपल्याशिवाय कंबर सरळ करायची नसते. ते खुर्ची टाकून बसले आणि पोरांची पानं मोजूनमापून वाटून दिली. ऋत्विकनं करंगळी वर केली तर म्हणाले, "पात काढून जाय बे."

पहिला रविवार झकास गेला. दुसऱ्या रविवारी ऋत्विक आलाच नाही. त्याचे वडील ज्ञानेश्वर दारात येऊन उभे राहिले.

"किसनकाका, पोट्टं वावरात हाय. सोयाबीन वाळून चाललं, शेंगा तडकून राह्यल्या, आन मजूर त दिव्यानं शोधला तरी भेटत नाई. त्याचं ते परमूटेशन का काय, ते राह्यलं आता."

ओवीचा चेहरा पडला. किसनराव मात्र डगमगले नाहीत. "त्यात काय? पोट्टं वावरातून सोडवा. त्याच्या बदली आमचं मानूस येईन."

"मी जातो," ओवी उठली.

"तू गेली त तुही त्रिकोनमिती कोन करन?"

सगळ्यांनी पूनमताईंकडे पाहिलं. त्या झारा घेऊनच बाहेर आल्या. "मामाजी, मी या पोरांचं रांधू का सोयाबीन सोंगू?"

मग सगळ्यांनी उद्धवरावांकडे पाहिलं. ते पेपर वाचत होते आणि पेपर हळूहळू वर सरकत होता.

"बाबा, एखांदा गडी पाठवू ना आपुन," पेपरामागून आवाज आला.

"गडी पाठवला त ते मजुरी झाली. सावडीले घरचं मानूस लागते."

कारकुनाला नियम दाखवला की त्याचं काही चालत नाही. उद्धवराव गेले. ज्ञानेश्वरनं त्यांना सोंगणीचा, म्हणजे कापणीचा, विळा मोठ्या अदबीनं दिला. "उद्धवभाऊ, असा धरा. नाई त बोट जाईन." दहा वाजेपर्यंत शेंगांच्या टोकांनी तळहात सोलून काढले. दुपारी वाकलेली कंबर सरळ होईना आणि संध्याकाळी सरळ केलेली वाकेना. ज्ञानेश्वर पुढच्या पातीवरून मागे वळून म्हणत, "या आरामानं," आणि तो शब्द त्यांना जास्तच लागत होता.

घरी आल्यावर उद्धवराव खिचडीच्या ताटात डोकं ठेवून झोपले. ओवीनं त्यांच्या केसांतली शितं वेचली.

"पप्पा, परम्युटेशन समजलं!"

"सगळं?" त्यांनी एक डोळा उघडला.

"आर्धं. कॉम्बिनेशन राह्यलं. आन ज्ञानेश्वरकाकाचं सोयाबीन बी आर्धंच राह्यलं न."

त्याच्या पुढच्या रविवारी ते संपलं. दुसऱ्या दिवशी उद्धवरावांनी पाठदुखीची रजा टाकली. ती अगदी खरी होती, त्यांच्या नोकरीतली बहुधा पहिलीच खरी. पण दहा वाजता देवेश गुरुजी आले. स्वरदाच्या आईचा हात प्लास्टरमध्ये, पौर्णिमा असल्यानं सत्यनारायणांची रांग लागलेली, आणि पूजा मांडायला स्वरदाशिवाय घरात कोणी नाही. म्हणजे तिनं रविवारी शिकवायचं डिटरमिनंट बोंबललं.

"बसून करायचं काम आहे हो," गुरुजी मृदू आवाजात म्हणाले. "पाठीला आरामच पडेल."

"घरी बसून दुखवन्यापेक्षा देवाजोळ बसून दुखव," किसनराव म्हणाले.

बसण्याचं काम असं निघालं की मोटारसायकलवर गुरुजींच्या मागं बसायचं, मांडीवर चौरंग, काखेत समयी आणि खांद्यावर केळीचे खांब. पहिली पूजा गावात झाली. दुसरीला गुरुजींनी मोताळ्याचा रस्ता धरला. एका क्वार्टरसमोर गाडी थांबली, दार उघडलं, आणि केळीच्या पानांमधून उद्धवरावांनी पाहिलं तर समोर सोवळं नेसून त्यांचे साहेब उभे होते.

"खर्चे?"

"हो साहेब."

"तुमची तर पाठ धरली होती ना?"

"धरलेलीच आहे साहेब."

"मग हे काय?"

उद्धवरावांनी खूप शोधलं, पण खोटं काही सापडेना. "साहेब, मुलीचं डिटरमिनंट आहे."

साहेबांनी बाजूला होऊन त्यांना आत घेतलं. आता मेमो निघणार हे उद्धवरावांनी ओळखलं. गुरुजींनी संकल्प सोडवला आणि पहिल्या अध्यायापासून पाचव्यापर्यंत, शंखाच्या आवाजाच्या आडून, उद्धवरावांनी सावडीची सगळी कथा साहेबांच्या कानात सांगितली. सत्यनारायणाच्या कथेपेक्षा साहेबांचं लक्ष तिच्याकडेच जास्त होतं. आरती झाल्यावर बाईसाहेब पुढे आल्या. त्यांनीही सगळं ऐकलं होतं.

"आमच्या चिन्मयलाही घ्या ना त्यात. अकरावीलाच आहे. गणिताचं पुस्तक उघडलं की त्याला ताप येतो."

"घ्याच," साहेब म्हणाले. "आणि त्या शेतातल्या कामाचं म्हणाल तर मी शिपाई पाठवून देतो."

इथं उद्धवराव मान डोलावून मोकळे झाले असते, तर मेमोही टळला असता आणि मेहेरबानीही झाली असती. पण सोयाबीननं सोललेले त्यांचे हात एकदम हुळहुळले. स्वतःलाही नवल वाटावं अशा करारी आवाजात ते म्हणाले, "साहेब, शिपाई चालत नाही. माणूस घरचं लागतं."

त्या रविवारी ज्ञानेश्वरच्या पऱ्हाटीत कापसाची वेचणी होती. साहेब पांढरे बूट घालून आले. ज्ञानेश्वरनं त्यांच्या कमरेला कापूस टाकायची ओटी बांधून दिली आणि त्यांची पात उद्धवरावांच्या पातीला लागून लावली. तिकडे ओसरीवर चिन्मय किसनरावांच्या तावडीत सापडला होता. पुस्तक उघडल्यावर त्याला ताप आला तेव्हा किसनरावांनी कपाळाला हात लावून पाहिला आणि सांगितलं, "पात संपली का उतरन."

साहेबांची वेचणी त्यांच्या सहीसारखी होती. वरवर हात फिरवायचा आणि पुढे सरकायचं. दोन-तीन झाडं उद्धवरावांनी सोसलं, मग राहवेना.

"साहेब, बोंडात अर्धा कापूस सोडू नका. मागं पेंडिंग राहतो."

साहेब मागे फिरले. थोड्या वेळानं कमरेवर हात ठेवून म्हणाले, "खर्चे, बाकीचं उद्या पाहू."

"उद्या नाही साहेब. पात काढूनच उठायचं असतं."

एवढं बोलून उद्धवराव पुढच्या झाडाला लागले. असं समाधान त्यांना वेतनवाढीच्या दिवशीही मिळालं नव्हतं. मेमोचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. सोमवारी कचेरीत साहेब आणि खर्चे दोघंही भिंतीला धरून जिना चढले, आणि बाकीचा स्टाफ बघतच राहिला.

दिवाळी आली आणि गेली. उद्धवराव आता आपोआप पहाटे उठत. कापूस दिसला की त्यांना त्रिकोणमितीची चौकशी करावीशी वाटे. चाचणीच्या दिवशी ओवी पेपरला बसली आणि इकडे कचेरीत त्यांना एक फाईल धड वाचता आली नाही. ओवीचा पेपर चांगला जावा असं त्यांना वाटत होतं. गणित सोडायची भाषा आपणच केली होती हे आठवून त्यांना स्वतःचाच राग येत होता.

निकाल लागला. ओवी वर्गात पहिल्या काहींमध्ये होती, ऋत्विक आणि स्वरदा तिच्या मागोमाग, आणि चिन्मय कोणताही ताप न येता पास झाला होता. पूनमताईंना कणकेच्या हातांनिशी मिठी पडली. किसनरावांनी मिशीवरून हात फिरवला. उद्धवराव पेढे घेऊन आले आणि ओसरीवर टेकतात तोच ओवी समोर येऊन उभी राहिली. एवढा गरीब चेहरा त्या पोरीनं जन्मात केला नव्हता.

"पप्पा, मी इचार केला. तुमचंच बराबर होतं. सोडतो मी गनित."

पेढ्याचा पुडा हातातच राहिला. "काय?"

"हाव. आतापर्यंत त नुसती सुरुवात होती. पुढं लिमिट हाय, डेरिव्हेटिव्ह हाय. बारावीत त याच्या दुप्पट. तुमचे हाल पाह्यवत नाई मले. उद्या सरले सांगतो. भूगोल घेतो."

उद्धवरावांनी पुडा खाली ठेवला. आपले तळहात पाहिले. सोयाबीनच्या खुणा अजून गेल्या नव्हत्या. मग त्यांचा जो आवाज चढला, तो शेजारच्या गल्लीत ऐकू गेला.

"सोडतं? सोयाबीन सोंगलं म्या त्या गनितासाठी! केळीचे खांब घेऊन साहेबाच्या दारात उभा राह्यलो! कंबर गेली माही! आन तू म्हन्तं सोडतो? बैताड झाली काय? सोडून त पाह्य! बारावी बी कराचं गनित, आन त्याच्या पुढं जे असन ते बी कराचं!"

"बरं, पप्पा," ओवी मान खाली घालून म्हणाली आणि घाईघाईनं आत गेली. आतून काहीतरी फुटल्यासारखा आवाज आला. ते हसू होतं की भांडं, हे सांगायला पूनमताई काही बाहेर आल्या नाहीत.

ओसरीवर बापलेक दोघंच उरले. किसनराव आढ्याकडे इतक्या एकाग्रतेनं पाहत होते, जणू तिथं काही लिहिलं होतं.

"उद्धव," ते म्हणाले, "ज्ञानेश्वरच्या तुरी आल्या सोंगाले. येत्या रविवारी."

"हाव," उद्धवराव म्हणाले. ते उठले, खुंटीवरचा विळा उतरवला, अंगठ्यानं त्याची धार पाहिली आणि तो पाजळायला निघताना दारातच थबकून विचारलं, "धडा कोनता हाय?"