निळ्या फुलदाणीचा तडा

"कशालाही हात लावायचा नाही. डोळ्यांनी बघायचं आणि मान हलवायची," फुलदाण्यांच्या दुकानाच्या पायरीवरच बायकोनं बजावलं. दातांच्या डॉक्टरांनी निमूटपणे मान हलवली. बायको मुख्याध्यापिका होती, आणि सातशे मुलांना चळाचळा कापायला लावणारा आवाज घरी येताना ती शाळेत ठेवून येत नसे. गेल्याच महिन्यात मेहुणीकडे डॉक्टरांनी काचेचा हंस सहज उचलून बघितला होता. हंस गेला, आणि मेहुणी अजून बोलत नव्हती. आज पुन्हा काही फुटलं तर चारचौघांत आपली शाळा घेतली जाईल, या धास्तीनं त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

पण सवय वाईट! वीस वर्षं लोकांचे दात ठोकून बघणारा माणूस, चिनी मातीची एवढी चकचकीत रांग समोर असताना किती वेळ गप्प राहणार? बायको मालकीणबाईंशी बोलत होती, तेवढ्यात डॉक्टरांनी कोपऱ्यातल्या निळ्या फुलदाणीवर पेनानं हळूच टकटक केली. खणखणीत आवाज यायला हवा होता, आला बद्द. त्यांनी वाकून पाहिलं. काठापासून पोटापर्यंत केसाएवढा बारीक तडा.

आपल्याच पेनानं ही गेली, असा डॉक्टरांनी धसका घेतला. त्यांनी फुलदाणी अलगद फिरवून तडा भिंतीकडे केला आणि ते चार पावलं लांब जाऊन उभे राहिले.

"अहो, ही निळी कशी वाटते?" बायको नेमकी तिथेच!

"छे! सुजलेल्या गालासारखी दिसते."

"मला तर हीच हवी."

"ती पिवळी बघ ना, किती छान आहे!"

"पिवळी तुम्हाला आवडली? मग निळीच घेऊ."

मालकीणबाई पुढे झाल्या. "थांबा, पुसून सगळीकडून दाखवते."

"नको!" दोघंही एकदम ओरडले. घाबरलेल्या डॉक्टरांना नवल वाटायलाही फुरसत नव्हती. "आहे तशीच बांधा," बायको म्हणाली.

टॅक्सीत खोकं डॉक्टरांच्या मांडीवर होतं. एखादा मोठा खड्डा यावा आणि हिचा एकदाचा निकाल लागावा, असं त्यांना फार वाटत होतं. पण टॅक्सीवाला नेमका आजच जपून चालवत होता. शेवटी त्यांनी ठरवलं, घरी गेल्यावर सांगून टाकायचं. होऊन होऊन काय होईल? या प्रश्नाचं उत्तर मनात येताच त्यांना दरदरून घाम फुटला.

घरी बायकोनं स्वतः खोकं उघडलं, न बघताच तडा भिंतीकडे केला आणि मटकन खाली बसली.

"तुम्हाला कळलं होतं ना?" इतका बारीक आवाज डॉक्टरांनी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "दुकानात शिरल्या शिरल्या उचलून बघताना माझी अंगठी लागली हो. तुम्ही नको नको म्हणायला लागलात, तेव्हाच ओळखलं मी. आता बाईंसमोर बोलताय की काय, म्हणून जीव अर्धा झाला माझा."

कबुलीसाठी उघडलेलं तोंड डॉक्टरांनी मिटलं.

"कळलं होतं," ते गंभीरपणे म्हणाले. "पण चारचौघांत कशाला बोलायचं?"

बायकोचे डोळे भरून आले. "मी तर दुकान डोक्यावर घेतलं असतं. फार मोठं मन आहे तुमचं! यापुढे आपल्यात काही लपवाछपवी नको हं."

"नको," डॉक्टर म्हणाले आणि खुर्चीचा हात धरून हळूच बसले. तिच्या रागाला कसं तोंड द्यायचं, हे त्यांना सवयीनं जमत होतं. या विश्वासाला कसं तोंड द्यायचं, हे मात्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.